इंजिनाचे कूळ

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रही सांगतील की त्यांच्या भाषेत ती जवळजवळ याच शब्दांत म्हणतात. मोटारीच्या इंजिनाला मात्र ही सवलत देता येत नाही. त्याचे कूळ विचारावेच लागते, कारण आपल्या देशात बॉनेटवर एक नाव, आत दुसऱ्याचे इंजिन आणि आरसी बुकात तिसरीच नोंद, असा प्रकार अनेक वेळा आढळतो. परदेशात मोटार जुनी झाली की लोक दुसरी घेत. आपल्याकडे ती दुरुस्त करून चालवत, आणि दुरुस्तीच्या ओघात एका गाडीचे अवयव दुसरीत जात. म्हणून जुन्या गाडीत एखादे अनोळखी इंजिन दिसले की ते मूळचे की मागाहून बसवलेले, आणि मूळचे असेल तर कोणत्या घराण्याचे, हा प्रश्न उभा राहतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र मी कोणत्याही वर्गात शिकलेलो नाही. परंतु बेळगावात वाढलेल्या मुलाला क्रँकशाफ्ट म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या उद्यमबागेत भट्ट्या आणि क्रँकशाफ्टचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. शिवाय माझे मामा सुरतेस उधना भागात लेथचे छोटे वर्कशॉप चालवतात. यंत्रमागाचे सुटे भाग हे त्यांचे मुख्य काम. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे होतो तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या एका कामामुळे हा विषय माझ्यापुढे आला. वाचकांना कदाचित उपयोगी पडेल म्हणून तो येथे मांडतो.

सुरतेत तापीच्या पलीकडे अडाजण नावाचा भाग आहे. तेथील एका वृद्ध, निवृत्त वकिलांकडे १९५८ साली घेतलेली ॲम्बॅसडर गाडी आहे. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्यात ही गाडी बुडाली, व तळमजल्यावरील कपाटात असलेले आरसी बुक भिजून त्याचा लगदा झाला. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली उभी होती. आता वकीलसाहेबांच्या मुलीच्या मनात आले की गाडी दुरुस्त करून ‘व्हिंटेज’ म्हणून तिची नोंद करून घ्यावी.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून अशा गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खाजगी वापराची दुचाकी वा चारचाकी या तरतुदीत बसते. नव्याने नोंद करण्यास २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी पुनर्नोंदणीस ५,००० रुपये फी आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरती ती रस्त्यावर काढावयाची. परंतु मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला असेल तर ती व्हिंटेज ठरत नाही.

आणि येथेच घोडे अडले. गाडी पाहावयास आलेल्या एका एजंटाने बॉनेट उघडून सांगितले की ॲम्बॅसडरला असले इंजिन कधी नव्हतेच, पुरानंतर कोणीतरी जीपचे इंजिन बसवले आहे. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. एका गॅरेजवाल्याचा सल्ला होता की हे काढून डिझेल इंजिन टाका, गाडी निदान चालेल तरी. तिघांच्याही म्हणण्याचा अर्थ एकच होता, की या इंजिनाला काही किंमत नाही. वकीलसाहेब मात्र म्हणत होते की माझ्या वडिलांनी इंजिन कधी बदलले नाही. घरच्या माणसाचे म्हणणे पुरावा म्हणून चालत नाही, हे त्यांना वकील या नात्याने कोणी सांगण्याची गरज नव्हती.

मामांकडे काम आले ते इंजिनाचे हेड उघडण्याचे. पुराच्या पाण्याने व्हॉल्व्ह गंजून अडकले होते. हेड उघडणार होतेच, तेव्हा कुळाचा तपासही करावा असे ठरले.

आता एजंटाला शंका का आली ते पाहू. ज्यांनी ॲम्बॅसडरचे बॉनेट उघडलेले पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांसमोर इंजिनाच्या माथ्यावरचे पत्र्याचे लांबट झाकण असेल. त्या झाकणाखाली रॉकर असतात. खालच्या कॅमशाफ्टवरून पुशरॉड वर येतात, ते रॉकरला ढकलतात आणि रॉकर वरून व्हॉल्व्ह दाबतात. याला ओव्हरहेड व्हॉल्व्ह रचना म्हणतात. अडाजणच्या गाडीत हे झाकण नव्हते. तेथे होता पोळपाटासारखा सपाट बिडाचा हेड, आणि त्यात वरून उभे खोवलेले चार प्लग. व्हॉल्व्ह दिसतच नव्हते, कारण ते हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला होते. ही जुनी साइड व्हॉल्व्ह रचना होय. हिच्यात भाग कमी, आवाज कमी, दुरुस्ती सोपी, आणि हलके पेट्रोलही चालून जाते. परंतु वायूला आत शिरताना आणि बाहेर पडताना वळण घ्यावे लागते, कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही, म्हणून शक्ती कमी मिळते.

सपाट हेडाचे चार सिलिंडरांचे इंजिन म्हटले की आपल्याकडे पहिली आठवण जीपची होते. युद्धकाळातील विलीज जीपचे इंजिन याच रचनेचे होते, आणि तशा जीपा युद्धानंतर देशभर पसरल्या. तेव्हा एजंटाचा तर्क अगदीच निराधार नव्हता. फोर्ड प्रिफेक्ट ही छोटी इंग्लिश गाडीही साइड व्हॉल्व्हचीच. आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या १९४८ च्या नमुन्यात असेच इंजिन होते. म्हणजे हेड पाहून रचना कळली, परंतु कूळ कळले नाही. तीन उमेदवार शिल्लक राहिले.

गल्लीतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी चौथा उमेदवार सुचवला. ते म्हणाले, हे ओख्याचे इंजिन आहे. यालाही आधार आहे. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला कारखाना याच गुजरातेत, ओखा बंदरावर होता. तेथे मॉरिस टेनवरून घेतलेली ‘हिंदुस्थान टेन’ जुळवली जात असे. १९४८ मध्ये कारखाना बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तयार झालेली मोटार ही गुजराती माणसाला अभिमानाची गोष्ट वाटते, आणि वाटावी. परंतु मॉरिस टेनचे ते ११४० सी.सी.चे इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचे होते. सपाट हेड दिसल्याबरोबर ओख्याचा दावा संपतो.

पुढचा मार्ग मापाचा. इंजिनाची दोन मापे मूलभूत आहेत. एक बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि दुसरे स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जितका सरकतो ते अंतर. या दोन मापांवरून आणि सिलिंडरांच्या संख्येवरून सी.सी. निघते. विलीज जीपचे बोअर ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक १११.१, एकूण २१९९ सी.सी. फोर्ड प्रिफेक्टचे बोअर ६३.५, स्ट्रोक ९२.५, एकूण ११७२ सी.सी. मॉरिस ऑक्सफर्डचे बोअर ७३.५, स्ट्रोक ८७, एकूण १४७६ सी.सी. आणि आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ॲम्बॅसडरच्या ओव्हरहेड इंजिनाचे बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९, एकूण १४८९ सी.सी.

शेवटच्या दोन ओळी वाचकांनी पुन्हा पाहाव्यात. दोन सर्वस्वी भिन्न इंजिने, आणि फरक अवघा तेरा सी.सी.चा. ‘ॲम्बॅसडर म्हणजे दीड लिटर’ असे मोघम बोलणाऱ्याला ही दोन इंजिने एकच वाटणार.

दुसरी अडचण याहून मोठी आहे, व ती मला मामांनी सांगितली. बोअर हे माप कायम राहत नाही. पिस्टनच्या रिंगा घासून सिलिंडर झिजतो, वरच्या बाजूस जास्त आणि खाली कमी. झीज वाढली की सिलिंडर मोठा कोरून घेतात व त्यात ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. हे वाढीव माप वीस, तीस, चाळीस, साठ थाउ अशा टप्प्यांनी जाते. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाउ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित अधिक. आता गंमत पाहा. ओव्हरहेड इंजिनाचे ७३.०२५ चे बोअर वीस थाउंनी मोठे केले तर ते ७३.५३ होते, म्हणजे साइड व्हॉल्व्हच्या मूळ मापाच्या इतके जवळ की साध्या मापपट्टीला फरक कळणार नाही.

मामांनी सिलिंडरच्या अगदी खालच्या भागात, जेथे रिंगा पोचत नाहीत व झीज होत नाही, तेथे माप घेतले. ते भरले साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटर आणि वर दोन-तीन शतांश. हे माप कोणत्याच पुस्तकात सापडणारे नाही. साइड व्हॉल्व्हच्या ७३.५ मध्ये चाळीस थाउ मिळवले तर ७४.५२ येतात. ओव्हरहेडच्या ७३.०२५ मध्ये साठ थाउ मिळवले तर ७४.५५. तेव्हा नुसत्या बोअरवरून निकाल देणारा माणूस कितीही मोठा कारागीर असला तरी तो अंदाज करतो आहे असे समजावे. जीप आणि प्रिफेक्ट मात्र येथे बाद झाल्या. बोअर कोरून वाढवता येते, कमी होत नाही, म्हणून ७९.४ ची जीप ७४.५ होऊ शकत नाही. स्लीव्ह घालून व्यास कमी करता येतो हे खरे, पण येथे स्लीव्हची कड कोठेही दिसत नव्हती. प्रिफेक्टचे बोअर तर इतके वाढवण्याइतकी धातूच भिंतीत नसते.

स्ट्रोकचे तसे नाही. तो क्रँकशाफ्टच्या घडणीत ठरतो. क्रँकची फेक जितकी, तिच्या दुप्पट स्ट्रोक. शाफ्ट घासून बारीक केला, बेअरिंगे बदलली, तरी त्यात मोजण्याजोगा फरक पडत नाही. (उद्यमबागेत क्रँकशाफ्ट पाहत मोठे झाल्याचा हा एक फायदा, की मला हे चित्र काढून समजवावे लागले नाही.) पिस्टन वरच्या टोकास आणून डेप्थ व्हर्निअरने ब्लॉकच्या सपाटीपासून खोली मोजली, मग खालच्या टोकास नेऊन पुन्हा मोजली. दोहोंतील अंतर ८७ मिलिमीटर. चारही सिलिंडरांत तेच. ओव्हरहेडचे ८८.९ आणि हे ८७ यांत एकोणीस दशांशांचा फरक आहे, आणि व्हर्निअरच्या दृष्टीने एवढा फरक पुष्कळ झाला.

याला आणखी एक साक्ष मिळाली. पिस्टनच्या माथ्यावरचा काजळीचा थर रॉकेलने भिजवून, लाकडी पट्टीने हलकेच काढला तेव्हा खाली ‘०४०’ असा ठसा निघाला. चाळीस थाउ. साडेचौऱ्याहत्तरातून चाळीस थाउ वजा केले की ७३.५ उरतात. बोअरचे मूळ माप आणि स्ट्रोक दोन्ही जुळले.

एवढ्यावरही थांबता आले नसते, कारण ७३.५ आणि ८७ ही जोडी एकट्या ऑक्सफर्डची नाही. त्याच काळात वूल्झली ४/५० या गाडीतही याच मापाचे १४७६ सी.सी.चे इंजिन होते, आणि हीच मापे ठेवून सहा सिलिंडरांचे २२१५ सी.सी.चे इंजिन मॉरिस सिक्समध्ये घातलेले होते. परंतु त्या दोहोंत कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये होता. येथे सपाट हेड पुन्हा उपयोगी पडतो. सारांश काय, तर रचना एकटी फसवते, बोअर एकटे फसवते, सी.सी. एकटी फसवते. तिन्ही एकत्र धरले तरच ऑक्सफर्ड एवढे एकच नाव उरते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण मला स्वतःला ही गोष्ट सर्वांत मनोरंजक वाटली. ७३.५ आणि ८७ ही मापे मिलिमीटरमध्ये सरळ आहेत, इंचात ओढूनताणून बसतात. उलट ७३.०२५ आणि ८८.९ ही मापे मिलिमीटरमध्ये वेडीवाकडी दिसतात, पण इंचात पावणेतीनवर अष्टमांश आणि साडेतीन, अशी स्वच्छ आहेत. इंग्रजांनी मिलिमीटरमध्ये इंजिन का आखावे? मॉरिसचा इंजिनाचा कारखाना कॉव्हेंट्री येथे होता. तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील कारखाना शत्रूच्या हाती पडेल या भीतीने तिने इंग्लंडमध्ये मशिनगनचा कारखाना उघडला. युद्ध संपल्यावर तोफाबंदुकांचे काम गेले, तेव्हा तो मॉरिससाठी इंजिने करू लागला, आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकतच घेतला. यंत्रे फ्रेंच मापांची होती. ती बदलण्याचा खर्च कोण करणार? म्हणून मिलिमीटरची सवय त्या कारखान्यात पुढे दीर्घकाळ टिकली. ओव्हरहेडचे इंजिन हे ऑस्टिनच्या घराण्यातले, तेथे इंचाची वहिवाट. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली आणि ऑस्टिनचे इंजिन मॉरिसच्या गाड्यांत आले. एमजीए या नामांकित स्पोर्ट्स गाडीतही प्रथम तेच १४८९ सी.सी.चे इंजिन होते. म्हणजे आकडा कोणत्या मोजपट्टीत सरळ बसतो एवढ्यावरूनही घराण्याचा सुगावा लागतो.

आणि सिलिंडर अरुंद, स्ट्रोक लांब, असे का? येथे आम्हा वाणिज्यवाल्यांचा प्रांत सुरू होतो. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोटारीवरील कर ‘हॉर्सपॉवर’वर घेत, आणि ती हॉर्सपॉवर खरी मोजलेली नसून सूत्राने काढलेली असे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचातील वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. या सूत्रात स्ट्रोक कोठेच नाही! साहजिकच कारखानदारांनी व्यास लहान ठेवला आणि स्ट्रोक लांबवला, की कर कमी आणि सी.सी. जास्त. आमच्या या इंजिनाची त्या हिशेबाने हॉर्सपॉवर १३.४ भरते, आणि प्रत्यक्षात ते सुमारे चाळीस हॉर्सपॉवर देत असे. युद्धानंतर तो कर गेला, पण घडण लगेच गेली नाही. प्राप्तिकर वाचवण्यासाठी लोक काय काय करतात ते आपण वर्गात वाचतो. करासाठी लोखंडाचा आकार बदलल्याचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे.

असो. इंजिन मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशाचे, हे ठरले. तरीही एजंटाचा मूळ आक्षेप शिल्लक होता, की ते ॲम्बॅसडरमध्ये कसे? याचे उत्तर व्हर्निअर देत नाही, त्यासाठी उद्योगाचा इतिहास पाहावा लागतो. हिंदुस्थान मोटर्सने ऑक्सफर्डच्या १९४८ च्या नमुन्यावरून ‘हिंदुस्थान फोर्टीन’ काढली, तिच्यात हे साइड व्हॉल्व्हचे इंजिन होते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असे सुचवले की ज्यांच्याकडे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम आहे त्यांनाच देशात राहू द्यावे, नुसती जुळणी करणाऱ्यांना नको. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले येथील जुळणीचे कारखाने बंद केले. १९५४ मध्ये ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवरून ‘लँडमास्टर’ आली. इंग्लंडमधील त्या मालिकेत नवे ओव्हरहेड इंजिन होते, पण आपल्या लँडमास्टरमध्ये बॉडी नवी आणि इंजिन जुने साइड व्हॉल्व्हचेच ठेवले गेले. १९५७ मध्ये तिसऱ्या मालिकेवरून ॲम्बॅसडर आली, तिच्यातही सुरुवातीस तेच. १९५९ मध्ये ते जाऊन १४८९ सी.सी.चे ओव्हरहेड इंजिन आले, आणि पुढे त्याच इंजिनाने ॲम्बॅसडरला ओळख दिली.

बॉडीचा नमुना बदलला तरी इंजिन का बदलले नाही, याचे कारण माझ्या मते सरळ आहे. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट तयार करण्याची यंत्रसामग्री एकदा उभी केली की तिची किंमत वसूल होईपर्यंत ती मोडीत काढणे कोणत्याही कारखान्यास परवडत नाही, आणि ज्या देशात परकीय चलन मोजून मिळते तेथे तर मुळीच नाही. म्हणून १९५७ ते १९५९ या दोनेक वर्षांत निघालेल्या ॲम्बॅसडर गाड्यांना हे इंजिन मूळचेच होते. पुढे २०१४ पर्यंत ॲम्बॅसडर निघत राहिली. त्या साऱ्या गाड्यांच्या मानाने ही पहिली तुकडी इतकी थोडी, आणि तिच्यातही इतक्या गाड्यांची इंजिने मागाहून बदललेली, की एजंटाने असे इंजिन पाहिले नसावे यात नवल नाही.

परंतु ‘या सालच्या ॲम्बॅसडरमध्ये हे इंजिन असू शकते’ आणि ‘या ॲम्बॅसडरमध्ये हेच इंजिन होते’ ही दोन विधाने वेगवेगळी आहेत. पुरानंतर कोणी एखाद्या भंगारातल्या लँडमास्टरचे इंजिन आणून बसवले असते तर आतापर्यंतची सगळी मापे जशीच्या तशी जुळली असती. लेखापरीक्षणात आपण मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी करतो आणि व्हाउचरही तपासतो, ते याचसाठी. गोदामात यंत्र आहे एवढे पाहून भागत नाही, बिलावर लिहिले आहे ते हेच यंत्र का, हे पाहावे लागते.

आरसी बुक तर नाहीसे झाले होते. वकीलसाहेबांच्या घरी माळ्यावर एक पत्र्याचा डबा होता, तेथवर पाणी चढले नव्हते. त्यात जुनी पत्रे आणि काही विम्याचे कागद असल्याचे ते म्हणाले. मामांनी त्यांना विनंती केली, ‘साहेब, डबा आज उघडू नका. आधी आम्हाला लोखंडावरचा नंबर वाचू द्या.’ मला ही सूचना फार आवडली. कागद आधी पाहिला असता तर गंजलेल्या आकड्यांत आम्हाला हवे तेच आकडे दिसले असते.

इंजिनावरचे उठावाचे आकडे आणि ठोकलेले आकडे यांत फरक करावा लागतो. उठावाचे आकडे साच्यातून ओतीवाबरोबर येतात व ते त्या साच्यातल्या सगळ्या ब्लॉकना सारखेच असतात. गाडीची ओळख पटवणारा नंबर हा नंतर एकेक आकड्याचा पंच ठोकून उमटवलेला असतो. त्या जागी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावणे म्हणजे पुरावा पुसणे. आम्ही दोन दिवस रॉकेलची घडी ठेवली, दात घासायच्या जुन्या ब्रशने मळ काढला, आणि परिवहन कार्यालयात चेसिस नंबरची घेतात तशी पेन्सिल प्रिंट घेतली, म्हणजे पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासली. सर्व आकडे उमटले, एक सोडून. त्या जागी गंजाचा खड्डा होता, आणि आकडा ३ की ८ हे कळेना. दिशा बदलून आणखी चार प्रिंट घेतल्या. तिसऱ्या प्रिंटमध्ये डावीकडच्या दोन्ही कमानी फिकट का होईना पण उमटल्या. तीनला डावीकडे कमान नसते. मामांनी वहीत ८ लिहिले, खाली तारीख घातली, आणि मग डबा उघडला.

आत १९६४ सालची विम्याची कव्हर नोट होती. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले त्या आधीच्या एका खाजगी कंपनीची, कार्बनची प्रत, निळी अक्षरे विटलेली. गाडीचा नंबर, सन १९५८, क्षमता १४७६ सी.सी., आणि इंजिन नंबर. सर्व आकडे वहीतल्या नंबराशी जुळले, आणि वादाचा आकडा ८ होता. इंजिन पुरानंतर बसवलेले नाही, एवढे यावरून निर्विवाद ठरते. १९५८ ते १९६४ या सहा वर्षांत बदलले असण्याची शक्यता कागदाने संपत नाही, परंतु सहा वर्षांच्या गाडीचे इंजिन काढून तसेच दुसरे जुने इंजिन कोणी का बसवावे?

इंजिनाला जोडलेल्या इतर वस्तूंविषयी मात्र सावध राहावे. डायनामोवर ‘लुकास-टीव्हीएस’ हे नाव होते. ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तो डायनामो १९५८ च्या गाडीचा मूळचा असणे शक्यच नाही. कार्बुरेटरही बदललेला दिसतो. एजंटाने अशाच एखाद्या वस्तूवर बोट ठेवून सगळे इंजिन परके ठरवले असते तर त्याचे म्हणणे खोडणे अवघड गेले असते. डायनामो, कार्बुरेटर, पाण्याचा पंप या झिजणाऱ्या, बदलावयाच्याच वस्तू. त्यांच्यावरून इंजिनाचे कूळ ठरवू नये, आणि त्या बदलल्या म्हणून मूळ स्वरूप गेले असेही मानू नये. बोअर कोरण्याबाबत माझे मत हेच आहे. ती दुरुस्ती आहे, फेरबदल नव्हे. अर्थात ते ठरवण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याचा.

अर्जाला मामांनी मापांचा तक्ता जोडला: बोअर मूळ व आजचे, स्ट्रोक, व्हॉल्व्हची रचना, आजच्या मापाने निघणारी १५१७ सी.सी. हा आकडा अर्जात लिहावा की नाही यावर बरीच चर्चा झाली. ‘१४७६ ची गाडी १५१७ कशी?’ असे कोणी विचारील ही वकीलसाहेबांच्या मुलीची भीती. शेवटी आकडा लिहिला, शेजारी ‘चाळीस थाउ रिबोअर’ असे स्पष्ट नमूद केले, आणि पिस्टनवरच्या ठशाचे छायाचित्र लावले. पेन्सिल प्रिंटच्या पाचही प्रती, कव्हर नोटची नक्कल आणि वहीचे ते तारखेचे पान ही त्यासोबत आहेत. निकाल अजून यावयाचा आहे. दरम्यान अडकलेले आठही व्हॉल्व्ह मामांनी सोडवले असून, चाळीस थाउच्या रिंगांचा शोध सुरतेत आणि येथे बेळगावातही चालू आहे. कोणा वाचकाच्या माहितीत जुन्या मालाचा दुकानदार असल्यास अवश्य कळवावे.